लिनक्सवरील देखरेखीचे साधन विंडोजवर आणताना लोड ॲव्हरेजच्या जागी काय दाखवावे?

वागळेकर (प्रश्न)

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचे छोटे कार्यालय आहे. कारखान्यांतील सर्व्हरवर देखरेख ठेवणारे एक साधन आम्ही सी भाषेत लिहिले असून ते लिनक्सवर अनेक वर्षे बिनबोभाट चालत आहे. दर पाच सेकंदांनी प्रॉकमधील, म्हणजे लिनक्स यंत्राची स्थिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवते त्या जागेतील, फाइली वाचायच्या, त्यांतून प्रोसेसर, मेमरी आणि लोड ॲव्हरेजचे (यंत्रावर सरासरी किती कामे चालू किंवा खोळंबलेली आहेत त्याचे) आकडे काढायचे आणि ते मुख्य सर्व्हरकडे पाठवायचे, एवढेच त्याचे काम. आता रबाळे येथील एका ग्राहकाने आपले विंडोज सर्व्हरही त्याच पडद्यावर दिसावेत अशी अट घातली आहे.

प्रथम लिनक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवण्याची सोय देणाऱ्या सिग्विनचा मार्ग धरला होता. सिग्विन विंडोजवर प्रॉकचा देखावा स्वतःच उभा करते, त्यामुळे साधन एका दुपारीच चालू झाले. परंतु सिग्विनची डीएलएल (लायब्ररीची फाइल) प्रत्येक सर्व्हरवर बसवण्यास ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने साफ नकार दिला. डब्ल्यूएसएल २ या विंडोजमधील लिनक्सच्या सोयीचा विचार दहा मिनिटांत सोडला, कारण तेथे लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आभासी यंत्रात चालतो आणि आमच्या साधनाला त्या आभासी यंत्राबाहेरचे काहीच दिसत नाही. शेवटी विंडोजची स्वतःची फंक्शने वापरून मोजणीचा भाग नव्याने लिहिला.

त्यात तीन ठिकाणी अडलो आहे. गेटसिस्टिमटाइम्स या विंडोजच्या फंक्शनवरून काढलेला प्रोसेसरचा आकडा रिकाम्या बसलेल्या यंत्रावरही ५० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. ज्या यंत्रावर टास्क मॅनेजर १५.८ जीबी मेमरी दाखवतो, तेथे आमचे साधन ३.८ जीबी दाखवते. लोड ॲव्हरेजला तर विंडोजमध्ये जोडच सापडत नाही. पहिल्या दोन चुका आमच्याच असणार. तिसऱ्या बाबतीत जाणकारांचे मत हवे आहे.

ऐरोलीचा प्रवासी

पहिल्या दोन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे पाहताक्षणी ओळखल्या.

गेटसिस्टिमटाइम्स तीन प्रकारची वेळ देते : आयडल (रिकामी), कर्नल (गाभ्याच्या कामाची) आणि युझर (प्रोग्रामांच्या कामाची). यातील कर्नलच्या वेळेत आयडल वेळ आधीच धरलेली असते. लिनक्सच्या सवयीने तुम्ही तिन्हींची बेरीज करून तिला एकूण वेळ मानली असणार. यंत्र पूर्ण रिकामे असेल तर आयडल १०० आणि कर्नलही १००, म्हणजे एकूण २०० आणि व्यस्त १००. हेच तुमचे ५० टक्के. एकूण वेळ म्हणजे फक्त कर्नल अधिक युझर, आणि त्यातून आयडल वजा केली की खरी व्यस्त वेळ मिळते.

मेमरीचा दोष सी भाषेतील लाँग या पूर्णांक प्रकाराचा आहे. ६४ बिटी लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, ६४ बिटी विंडोजवर मात्र तो ३२ बिटांचाच राहतो. बाइटचा आकडा ४ जीबीच्या पुढे गेला की वरचे बिट गळून पडतात. १५.८ मधून ४ चे तीन हप्ते वजा करा, ३.८ उरतात. मेमरी, डिस्क आणि नेटवर्कच्या सगळ्या आकड्यांसाठी ठरावीक लांबीचा, ६४ बिटांचा यूइंट६४ हा प्रकार वापरा. कंपायलर अशा ठिकाणी इशारा देतो, पण आपण तो बहुधा बंद करून ठेवलेला असतो.

प्रक्रिया केव्हा सुरू झाली हेही दाखवत असाल, तर विंडोजची ही वेळ १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजली जाते, हे ध्यानात ठेवा. तिला एक कोटीने भागून ११६४४४७३६०० वजा केले की युनिक्सची वेळ मिळते.

सीवूड्सवासी

लोड ॲव्हरेजची जागा भरण्यापूर्वी तो आकडा काय सांगतो हे पाहिले पाहिजे. लिनक्समध्ये त्यात प्रोसेसरवर चालू असलेल्या, प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या आणि बहुधा डिस्कसाठी खोळंबलेल्या, म्हणजे टॉप या आज्ञेच्या यादीत डी या अक्षराने दिसणाऱ्या, अशा सर्व कामांची गणती होते आणि तिची १, ५ व १५ मिनिटांची घसरती सरासरी काढली जाते. विंडोजमध्ये याच्या सर्वांत जवळ जाणारा काउंटर, म्हणजे विंडोज स्वतः मोजून ठेवते तो आकडा, म्हणजे सिस्टिमखालील प्रोसेसर क्यू लेंग्थ. परंतु तो केवळ वाट पाहणारे थ्रेड (प्रक्रियेतील कामाचे धागे) मोजतो, चालू असलेले मोजत नाही आणि डिस्कसाठी थांबलेले तर मुळीच नाही.

आठ कोअरच्या यंत्रावर नेमकी आठ जड कामे चालू आहेत असे समजा. लिनक्स लोड सुमारे ८ दाखवील आणि विंडोजची रांग जवळजवळ शून्य असेल. आता डिस्क अडली आणि तीस प्रक्रिया तिच्यासाठी ताटकळल्या, तर लिनक्सचा लोड तिशीकडे चढेल, विंडोजची रांग मात्र ढिम्म हलणार नाही. दोन्ही आकडे एकाच स्तंभात ठेवले, तर रात्रपाळीचा माणूस विंडोजचा सर्व्हर निवांत आहे असे समजून चहाला जाईल. म्हणून माझ्या मते विंडोजसाठी लोडचा रकाना रिकामाच ठेवावा आणि प्रोसेसरची रांग व डिस्कची रांग असे दोन वेगळे रकाने द्यावेत.

काउंटर वाचताना त्यांची नावे विंडोजच्या भाषेनुसार बदलतात, म्हणून व्हिस्टापासून उपलब्ध असलेले पीडीएच-ॲड-इंग्लिश-काउंटर हे फंक्शन वापरा.

जुना ॲडमिन

रिकामा रकाना ग्राहकाला पटणार नाही. पायथनच्या पीएसयूटिल या लायब्ररीतही विंडोजसाठी हीच रांग दर पाच सेकंदांनी वाचून तिची सरासरी लोड म्हणून दिली जाते आणि असंख्य लोक ती वापरतात. तेच करा आणि बाजूला एक टीप द्या.

सीवूड्सवासी

टीप धोक्याचा इशारा आल्यावर कोणी वाचत नाही. लोड ८ च्या वर गेल्यास संदेश पाठवा, असा नियम लिनक्ससाठी आधीच लिहिलेला असेल, तर तो विंडोजवरही मुकाट्याने लागू होईल आणि कधीच वाजणार नाही. लायब्ररीने सोय देणे वेगळे, आणि आपण त्या आकड्यावर कोणाला मध्यरात्री उठवणे वेगळे.

वागळेकर

सर्वांचे आभार. रिकामे यंत्र आता २-३ टक्के दाखवते आणि मेमरीही १५.८ जीबी जुळली. आमच्याकडे लोड ८ चा नियम खरोखरच होता, त्यामुळे वेगळे रकाने करण्याचे ठरवले. मात्र दोन शंका उरल्या आहेत. भरपूर काम चालू असताना आमचा आणि टास्क मॅनेजरचा प्रोसेसरचा आकडा अजूनही काही टक्क्यांनी जुळत नाही. शिवाय हेच साधन सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजने पडद्यामागे चालवायचा प्रोग्राम म्हणून, सुरू केले, की अर्ध्या मिनिटाने १०५३ ही त्रुटी येते.

ऐरोलीचा प्रवासी

विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरने प्रोसेसर युटिलिटी हे माप धरले, ज्यात प्रोसेसरचा वेग कमी-जास्त झाल्याचाही हिशेब असतो. तुम्ही निव्वळ वेळ मोजता आहात. तुमचे चुकलेले नाही. पडताळणीसाठी परफॉर्मन्स मॉनिटरमधील प्रोसेसर टाइम हा काउंटर पाहा.

१०५३ येते कारण तुमचे मेन फंक्शन थेट मोजणीच्या फेऱ्यांत शिरत असणार. त्याने सुरुवातीलाच स्टार्ट-सर्व्हिस-कंट्रोल-डिस्पॅचर हे विंडोजचे फंक्शन बोलवायला हवे, अन्यथा विंडोज ३० सेकंद वाट पाहून सर्व्हिसचा नाद सोडते. सेटिंग पुन्हा वाचण्यासाठी लिनक्सवर सिगहप हा सिग्नल वापरत असाल, तर येथे सर्व्हिसला १२८ ते २५५ मधील स्वतःचा कंट्रोल क्रमांक पाठवता येतो. आम्ही १२८ वापरतो.