'साइझिंग'ला काय म्हणावं: खळ, सरस की पाजणी?

दादरला घरीच मी गम बायक्रोमेट पद्धतीने हाताने फोटो छापते, म्हणजे डिंक, रंग आणि बायक्रोमेट यांचं द्रावण कागदावर लावायचं, उजेड लागेल तिथे ते घट्ट होतं आणि बाकीचं पाण्याने धुऊन काढायचं. गेल्या कार्यशाळेच्या सूचनेत 'कागदाचं साइझिंग करून आणा' असं लिहिलं आणि तिघं जण कागद मापात कापून घेऊन आले. चूक त्यांची नाही, शब्दाची आहे. मराठीत साइझ म्हणजे माप. मला म्हणायचं होतं ते वेगळं: द्रावण तंतूंत मुरू नये म्हणून कागदाला जिलेटिन किंवा आरारूट द्यायचं. ते नसेल तर कागद टिपकागदासारखा वागतो. रंग तंतूंत शिरतो, धुऊन निघत नाही, आणि जिथे पांढरं हवं तिथे मळकट राहतं. याला शब्द सुचवा.

*

खळ! दुसरा शब्द शोधायची गरजच नाही. भिंतीवर पोस्टर चिकटवतात ती खळ, कपड्याला देतात ती खळ. आपल्याकडचे जुने कागदकरीसुद्धा कागदाला खळ देऊन वर दगडाने घोटत, म्हणजे शाई फुटत नसे. 'घोटीव कागद' तो हाच. फारसीत या खळीला 'आहार' म्हणतात, पण तो मराठीत आणला तर पुन्हा साइझसारखाच घोटाळा.

*

माझे वडील 1982 च्या संपापर्यंत लालबागच्या एका गिरणीत सायझिंग खात्यात होते. तिथे सगळे सायझिंगच म्हणायचे. पण गावाकडचे हातमागवाले ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ देण्याला 'पाजणी' म्हणतात, सूत खळ पितं म्हणून. तुमचा कागदही पितोच की.

*

खळीला माझी हरकत आहे. खळ पिठाची असते. जिलेटिन हाडा-कातड्यातून निघतं, म्हणजे सरसाचीच जात. मग 'सरस देणे' का नको?

*

सरसाचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण सरस म्हटलं की सुताराचं काम आणि चिकटवणं आठवतं. इथे काही चिकटवायचं नाही. मी खळ हा शब्द कामावरून घेते, पदार्थावरून नाही. आरारुटची खळ, जिलेटिनची खळ. शाकाहारी मंडळींना हा फरक आधीच कळलेला बरा.

पाजणी मात्र मला फार आवडली, कारण तिच्यामुळे एक खरा भेद बोलता येतो. ताव द्रावणात बुडवला तर खळ 'पाजली', ब्रशने वरून फिरवली तर 'लावली'. परिणामही वेगळे दिसतात. मी लिटरला साधारण 30 ग्रॅम जिलेटिन घेते. आधी गार पाण्यात फुगू देते, मग कोमट करून विरघळवते, उकळू देत नाही. मुंबईत मे महिन्यात ते कागदावर थिजतच नाही, ओघळून खालच्या कडेला साचतं, म्हणून टांगलेला ताव मध्येच उलटा करावा लागतो. पावसाळ्यात वाळता वाळत नाही आणि बुरशी धरते. मी हे काम जानेवारीतच उरकते.

आणखी एक जोडी: कच्ची खळ आणि पक्की खळ. नुसतं जिलेटिन पाण्यात फुगतं, कोमट पाण्यात तर निघून जातं, म्हणून ते क्रोम तुरटीने किंवा फॉर्मालिनने पक्कं करतात. फॉर्मालिनची वाफ विषारी असते. बंद खोलीत ते वापरू नका, हे मी प्रत्येकाला सांगते.

*

सायनोटाइपलाही, म्हणजे निळ्या रंगात फोटो छापायच्या पद्धतीलाही, हे लागतं का?

*

चांगल्या जलरंगाच्या कागदाला कारखान्यातच खळ दिलेली असते, ती बहुधा पुरते. तिथे अडचण वेगळी. कागद टिकावा म्हणून घातलेलं कॅल्शियम कार्बोनेट निळ्या रंगाला मारतं, अल्कलीत तो निळा फिका पडतो. सौम्य आम्लात कागद बुडवून ते काढतात. याला खळ म्हणू नये.

सूचना बदलली आहे: 'कागद गरम पाण्यात भिजवून, आटवून, वाळवून आणा. जिलेटिनची खळ इथे पाजू.' आटवणं कापडासारखंच. एकावर एक थर छापताना कागद आटला, तर दुसरा थर पहिल्यावर बसत नाही.