मदत हवी आहे: जुनं विंडोज १० नव्या पीसीच्या एनव्हीएमईवर उतरवलं, पण बूटच होत नाही

खिळेजुळव्या

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. ऐन लगीनसराईत जुना पीसी गचके खायला लागला म्हणून नवा जुळवून घेतला: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर५, १ टीबीचा एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारा वेगवान ड्राइव्ह). वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आमच्या कामाला लागतही नाही.

जुना पीसी म्हणजे चौथ्या पिढीचा आय३, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम, त्यातली ३.४च वापरता येते असं विंडोज दाखवतं. आधी विंडोज ७ होतं, त्याचंच अपग्रेड करून १० केलं.

"मग कोरं विंडोज टाक की" हा सल्ला शेजारच्या झेरॉक्सवाल्यापासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी देऊन झालाय. अडचण अशी की पेजमेकर ७ आणि जुन्या मराठी फॉन्टचं डोंगलवालं (किल्लीसारखं छोटं यंत्र पीसीला लावलं तरच चालणारं) सॉफ्टवेअर, दोन्हींच्या सीडी आता वाचल्याच जात नाहीत. त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडात न्यायला गेलं की जोडाक्षरांचा पार चुथडा होतो. आणि गिऱ्हाईक येतं ते "थोरलीच्या वेळचीच पत्रिका, फक्त नावं बदला" म्हणत. ती फाइल जशीच्या तशी उघडली पाहिजे.

क्लोनझिला या डिस्कची हुबेहूब नक्कल करणाऱ्या टूलने अख्खी डिस्क एनव्हीएमईवर उतरवली, कुठे एरर नाही. बायोसमध्ये स्टोरेजच्या पानावर ड्राइव्ह दिसतो, बूटच्या यादीत मात्र नाही. जुनी हार्ड डिस्क साटा केबलने थेट जोडली तरी तेच. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) चालू करावं तर तो पर्यायच करडा, निवडताच येत नाही. जुन्या पीसीत तीच डिस्क मुकाट चालते.

यूट्यूबवर डिस्कची जुनी एमबीआर मांडणी बदलून नवी जीपीटी करायला सांगतात. केली तर डेटा उडेल का? आणि विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन नव्या बोर्डावर टिकेल का?

बायोसबुवा

ड्राइव्हही ठीक आहे आणि क्लोनही. तुमचं विंडोज ७च्या काळातलं, जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणारं. नवा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट करतो आणि एमबीआर डिस्कवर त्याला हवं ते बूटच्या फाइलींचं ईएफआय पार्टिशन सापडत नाही, म्हणून यादीत नाव नाही. सीएसएमला जुन्या पद्धतीची साथ देणारं ग्राफिक्स लागतं. तुम्ही प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर आहात, म्हणून बोर्डाने पर्याय बंद ठेवलाय.

एमबीआरटूजीपीटी हे टूल विंडोज १०मध्येच १७०३ आवृत्तीपासून येतं आणि डेटा न पुसता बदल करतं. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत. पण त्याला हात लावण्याआधी एक बघा. ते ३.४ जीबी मला खटकतंय. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट. 'सिस्टिम टाइप'पुढे काय लिहिलंय?

खिळेजुळव्या

"३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर". म्हणजे?

बायोसबुवा

म्हणजे ते ३.४ जीबी ३२ बिटमुळेच. आता जीपीटीचा नाद सोडा. ६४ बिट यूईएफआय ३२ बिट विंडोज सुरू करत नाही, डिस्क कशीही बदला. अपग्रेडने ३२चं ६४ होत नसतं, त्यामुळे ७ ज्या जातीचं होतं त्याच जातीचं १० झालं. अ‍ॅक्टिव्हेशनचं म्हणाल तर फुकट अपग्रेडचं लायसन्स सहसा जुन्या बोर्डाला चिकटलेलं असतं. नव्या पीसीला बहुधा वेगळं घ्यावं लागेल.

पत्रावळ

बुवांशी सहमत. पण सेटअप वाचवता येईल. नव्या एनव्हीएमईवर कोरं ६४ बिट विंडोज ११ टाका आणि जुनं विंडोज त्याच्या आत व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आतला सॉफ्टवेअरचा पीसी) म्हणून चालवा.

जुन्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं 'डिस्कटूव्हीएचडी' हे टूल चालवा. चालू विंडोजचीच इमेज (अख्ख्या डिस्कची एक फाइल) निघते, फक्त ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. व्हीएचडीएक्सची खूण काढून साधं व्हीएचडी ठेवा, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सला तेच मानवतं. नव्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज १० ३२ बिट अशी मशीन करा, ईएफआयवर टिक नको, रॅम ३ जीबी पुरे. ती इमेज हार्ड डिस्क म्हणून जोडा. पहिल्यांदा सुरू होताना नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर शोधत बसेल, बसू द्या. अ‍ॅक्टिव्हेशनची कटकट तिथेही होईल, नियमाने त्या विंडोजलाही स्वतःचं लायसन्स लागतं.

नेट मात्र त्या मशीनला देऊ नका. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पीडीएफ काढायची, शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणायची आणि प्रिंट विंडोज ११वरून.

खरी गोम डोंगलची. यूएसबीचं असेल तर यूएसबी फिल्टर लावून मशीनला देता येतं. जुन्या प्रिंटर पोर्टचं असेल तर हा मार्ग बंदच समजा. कुठलं आहे? आणि आतून पेजमेकर नि डोंगल दोन्ही चालेपर्यंत जुना पीसी भंगारात देऊ नका.

खिळेजुळव्या

यूएसबीचंच आहे, हुश्श! आज दुकान बंद करताना इमेज काढायला लावतो. मशीनला डोंगल दिसलं नाही तर याच धाग्यावर पुन्हा त्रास देईन.