पायथन : चादरीची विक्री टॉवेलच्या नोंदीत कशी जाते?

ईसीएस_दुसरं_वर्ष :
सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका दुकानासाठी साठ्याचा छोटा प्रोग्राम लिहितोय. कोड असा आहे (कीवर्ड इथे देवनागरीत टाइप केलेत, ओळीआधीची ‘—’ म्हणजे आत सोडलेली जागा):

क्लास माल:
— नोंदी = []
— डेफ इनिट(सेल्फ, नाव, भाव, नग):
—— सेल्फ.नाव = नाव
—— सेल्फ.भाव = भाव
—— सेल्फ.नग = नग
— डेफ विक्री(सेल्फ, किती):
—— सेल्फ.नग -= किती
—— सेल्फ.नोंदी.अपेंड(किती)

चादर = माल("जेकार्ड चादर", ४५०, ८०)
टॉवेल = माल("टर्किश टॉवेल", १२०, २००)

चादर.विक्री(१२) केल्यावर नग बरोबर दिसतात, चादर ६८ आणि टॉवेल २००. पण टॉवेल.नोंदी प्रिंट केलं तर त्यातही [१२] येतं. शिवाय दोन्ही ऑब्जेक्ट पिकलने (ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवायचं पायथनचं मॉड्यूल) फाइलमध्ये ठेवून प्रोग्राम बंद केला आणि परत चालू केला, तर नाव, भाव, नग सगळं येतं, नोंदी मात्र रिकाम्या. दोन ऑब्जेक्ट वेगळे असतात ना? मग हे असं का होतंय?

पेठकर :
दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ‘नोंदी = []’ ही ओळ क्लासच्या अंगात आहे, आणि पायथन क्लासचं अंग एकदाच चालवतं, क्लास तयार होताना. म्हणजे यादी एकच बनली आणि ती ‘माल’ची झाली. ना चादरीची, ना टॉवेलची.

‘सेल्फ.नोंदी’ लिहिलं की पायथन आधी त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या खात्यात पाहतं. तिथे सापडलं नाही तर क्लासमध्ये पाहतं. तुमच्या दोन्ही ऑब्जेक्टच्या खात्यात नाव, भाव, नग आहेत, ‘नोंदी’ नाही. दोघंही क्लासमधल्या त्याच यादीपर्यंत पोचतात आणि अपेंड तिथेच होतं. नग बिघडले नाहीत, कारण इनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, ‘सेल्फ.नग =’ असं लिहून प्रत्येक ऑब्जेक्टला त्याचा आकडा दिला आहे.

पिकलचंही तेच. ते ऑब्जेक्टचं स्वतःचं खातं फाइलमध्ये उतरवतं, क्लासचं सामान उतरवत नाही. त्यामुळे नोंदी फाइलपर्यंत कधी गेल्याच नव्हत्या.

दुरुस्ती : वरची ओळ पुसा आणि इनिटमध्ये ‘सेल्फ.नोंदी = []’ लिहा. मग ‘चादर.नोंदी इज टॉवेल.नोंदी’ तपासा (दोन्ही एकच वस्तू आहेत का, हे ‘इज’ सांगतं). आत्ता ट्रू येतंय, नंतर फॉल्स यायला हवं. आणि व्हार्स(चादर) प्रिंट करून बघाच. ऑब्जेक्टचं स्वतःचं काय आहे ते एका नजरेत दिसतं, त्यात जे नाही ते क्लासकडून येतंय.

लूम_आणि_लूप :
हा घोळ सी प्लस प्लस किंवा जावा आधी शिकलेल्यांचा हमखास होतो, आणि त्यात विद्यार्थ्याची चूक कमी आहे. जावात क्लासच्या अंगात फील्डपुढे नवी यादी लिहिली, तर ती प्रत्येक ऑब्जेक्ट बनताना नव्याने तयार होते. सामाईक हवी असेल तर मुद्दाम स्टॅटिक लिहावं लागतं. पायथनमध्ये त्याच जागी लिहिलेली गोष्ट न सांगताच सामाईक होते.

क्लास म्हणजे जेकार्डचं डिझाइन कार्ड (मागाला नक्षी सांगणारं छिद्रांचं कार्ड) आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावर विणलेली चादर, असं आपल्याकडे सहज सांगता येतं. पण ही उपमा पायथनमध्ये इथेच तुटते. विणून झालेली चादर कार्डाकडे परत बघत नाही, ऑब्जेक्ट मात्र क्लासकडे सतत बघत असतो. क्लासमध्ये ‘किमान_साठा = १०’ ठेवा. चादर.किमान_साठा = २५ केलं, तर ते फक्त चादरीच्या खात्यात बसतं. मग माल.किमान_साठा = १५ केलं की आधीच बनलेला टॉवेल लगेच १५ दाखवतो, चादर २५ वरच राहते. असा सर्वांना लागू असलेला आकडा क्लासमध्ये ठेवणं योग्यच आहे. भानगड होते ती जागच्या जागी बदलणाऱ्या वस्तूंची : लिस्ट, डिक्ट, सेट.

उलटी चूकही सांगून ठेवतो. एकूण किती माल नोंदवले ते मोजायला क्लासमध्ये ‘एकूण = ०’ ठेवून इनिटमध्ये ‘सेल्फ.एकूण += १’ लिहू नका. वाचताना क्लासचा ० मिळतो, लिहिताना १ ऑब्जेक्टच्या खात्यात जातो, आणि क्लासचा आकडा कायम ० राहतो. तिथे ‘माल.एकूण += १’ हवं.

पेठकर :
एक भर. इनिटच्या कंसात ‘नोंदी=[]’ असं डीफॉल्ट देऊ नका. तेही डेफ चालताना एकदाच बनतं, म्हणजे तीच यादी पुन्हा सगळ्यांत फिरते. डीफॉल्ट नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवा आणि आत नवी यादी करा. विक्रीतही नग वजा करण्याआधी ‘किती’ शिल्लकपेक्षा जास्त आहे का ते तपासून व्हॅल्यू एरर उठवा, नाहीतर ६८ चादरींतून ७० विकल्या जातील आणि साठा उणे २ होईल.

ईसीएस_दुसरं_वर्ष :
ओळ हलवली, आता इज फॉल्स देतंय. पण जुनी पिकल फाइल उघडून विक्री केली की ॲट्रिब्यूट एरर : ‘माल’ ऑब्जेक्टला ‘नोंदी’ नाही म्हणतोय. इनिटमध्ये तर लिहिलंय. आणि टॉवेल, चादर, बेडशीट यांचे वेगवेगळे क्लास करावेत का?

लूम_आणि_लूप :
पिकल उघडताना इनिट चालत नाही. फाइलमधलं खातं जसंच्या तसं परत बसवलं जातं, आणि जुन्या फाइलमध्ये ‘नोंदी’ नव्हतीच. एकदाच चालवायची छोटी स्क्रिप्ट लिही : फाइलची प्रत काढ, प्रत्येक ऑब्जेक्ट उघड, हॅजॲटरने ‘नोंदी’ आहे का बघ, नसेल तर रिकामी यादी दे आणि परत साठव. एरर घालवायला क्लासमधली जुनी ओळ परत टाकू नकोस. एरर जाईल, पण जुन्या ऑब्जेक्टच्या नोंदी पुन्हा एकत्र होतील. आधीच्या विक्रीचे आकडे फाइलमध्ये नाहीत, ते दुकानाच्या बिलबुकावरूनच भरावे लागतील.

वेगळे क्लास आत्ता नकोत. नाव, भाव, नग वेगळे म्हणून क्लास वेगळा होत नाही, त्यासाठी ऑब्जेक्ट आहेत. साठ डिझाइनच्या चादरी म्हणजे एका क्लासचे साठ ऑब्जेक्ट. टॉवेल डझनावर विकायचा असेल तरी ‘एकक’ नावाचं एक फील्ड पुरतं. हिशोब करायची पद्धतच वेगळी झाली, तेव्हा वेगळ्या क्लासचा विचार कर.