पालिकेच्या सभेला कधी बसलायत का? आठवणी लिहा इथे

वाईकरीण
मधली चार वर्षं आमच्या गावी प्रशासक होता. डिसेंबर २०२५ ला मतदान झालं आणि परवा नव्या सदस्यांची सर्वसाधारण सभा भरली. आळीतली सून निवडून आलीय म्हणून आम्ही बायका प्रेक्षकांत जाऊन बसलो. पहिलाच विषय पुकारला, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" (इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद), आणि मला एकदम अप्पा, माझे वडील, आठवले.

अप्पा सभा कारकून होते. विषयपत्रिका स्टेन्सिलवर टाइप व्हायची. अक्षर चुकलं की त्यावर लाल दुरुस्ती शाई लावायची, फुंकर मारून वाळवायची आणि त्याच जागी पुन्हा टाइप करायचं. मग सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवून प्रती काढायच्या. शिपाईमामा त्या सायकलवर घेऊन घरोघर जायचे, पोचवहीत सही घ्यायचे. सदस्य गावाला गेलेला असला तर दाराला डकवायची आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घ्यायच्या. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी पोचायला हवी, एक जरी राहिली तरी उद्या कुणी सभेलाच हरकत घेईल, ही अप्पांना सतत धास्ती.

सभेत सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणी नोंदवला, सगळं ते हाताने टिपायचे. एकदा एक सदस्य रात्री घरी आले. माझं भाषण इतिवृत्तात जरा वाढवून लिहा म्हणाले. अप्पांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "सभेत बोलला असतात तर अक्षरन् अक्षर लिहिलं असतं." ते रागावून गेले. आईला भीती वाटत राहिली, बदली करतील म्हणून. अप्पा शांत झोपले.

आपल्या गल्लीतला दिवा, गटार, नळ, बाजारातल्या ओट्याचं भाडं, हे सगळं तिथे ठरतं आणि आपल्यातलं कुणी तिथे नसतं. तुमच्या घरी कुणी पालिकेत होतं का? सभा बघितलीय का? जे आठवेल ते लिहा.

खानदेशकन्या
पाणी!! पाण्याचा विषय निघाला की आमच्या गावची सभा दुपारी सुरू होऊन दिवेलागणीपर्यंत चालायची. आमच्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ. एका उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या बायकांनी रिकामे हंडे नेऊन थेट सभागृहाच्या दारात मांडले, आत जाणाऱ्याला हंडे ओलांडूनच जावं लागे. माझी सासू पुढे होती. अध्यक्ष बाहेर आले आणि जमिनीवर बसून बोलले त्यांच्याशी. टँकर वाढले त्या आठवड्यात. कुकरची शिट्टी झाली, बाकी नंतर लिहिते

पोष्टमनचा नातू
वाईकरीणताई, सायक्लोस्टाइलचं नाव काढलंत. आमच्या शाळेचे सहामाहीचे पेपर तसेच यायचे, बोटांना शाई लागायची. गणिताच्या पेपरात आठ आहे की तीन तेच कळायचं नाही, सर येऊन फळ्यावर लिहायचे.

सुमनताई
मी दोन मुदती नगरसेविका होते. पहिल्यांदा आले तेव्हा महिलांना ३३ टक्के आरक्षण होतं, दुसऱ्यांदा ५० टक्के झालेलं होतं (२०११ चा बदल). पहिल्या सभेला एका अधिकाऱ्याने विचारलं, "वहिनी, साहेब नाही आले?" मी म्हटलं, निवडून मी आलेय, काय ते मला सांगा. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छतागृह हवं होतं. भाजीवाल्या बायका पहाटे चारला येऊन बसतात, दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, का ते सांगायला नको. विषय ठेवला. "जागा नाही." पुढच्या सभेला जागा दाखवली. "निधी नाही." मग मी अंदाजपत्रक घेऊन बसले. महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के राखून ठेवायचे असतात, ते शीर्ष (अंदाजपत्रकातलं खातं) काढलं, खर्चाचा रकाना बघितला आणि सभेत उभी राहून वाचून दाखवला. सभागृह गप्प. ठराव एकमताने झाला.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. प्राकलन (खर्चाचा अंदाज), तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश (काम सुरू करायचा आदेश). प्रत्येक टेबलावर फाइल थांबते आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन उभं राहावं लागतं. मी राहिले. आज त्या स्वच्छतागृहाला पाणी आहे, आतून कडी लागते, दिवा लागतो. मी बाजारात गेले की अजूनही आत जाऊन बघते.

रंकाळावासी
सुमनताई तुम्हाला मुजरा. कडी लागते ह्याला लई मोल आहे, ते बायकांनाच म्हाईत.

खानदेशकन्या
@सुमनताई भाजीवाल्यांचं वाचून रडूच आलं. माझी आई बाजारात बसायची.

सुमनताई
@खानदेशकन्या आईंना माझा नमस्कार सांग गं. कुठल्या बाजारात?

खानदेशकन्या
आता नाहीत त्या. पण नमस्कार पोचला.

निवृत्त ओव्हरसियर
थोडं नियमाचं लिहितो, लोकांचा गोंधळ होतो. नगरपरिषद १९६५ च्या अधिनियमावर चालते, महानगरपालिका १९४९ च्या, मुंबईचा १८८८ चा वेगळाच. नगरपरिषदेचा ठराव बेकायदा वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. महापालिकेत कलम ४५१, तिथे शासन ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करतं. म्हणून सभेत टाळ्या पडल्या की घरी जायचं नाही, ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यायची. आमच्याकडे लोक यायचे, "साहेब तो आमच्या रस्त्याचा ठराव". कुठला ठराव? कधीचा? क्रमांक असला की रजिस्टर उघडायला वेळ लागत नाही.

दुसरं, शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" असं असतं ना, तिथे कान उघडे ठेवा. साथ आली, पूल खचला, अशा तातडीसाठी ती सोय आहे. एरवीचा मोठा खर्च त्यात येऊ लागला तर सदस्यांनी उठून विचारलं पाहिजे.

गांधारपाले
आमच्या महाडच्या नगरपालिकेचा एक ठराव सगळ्या देशाला ठाऊक असायला हवा. सी. के. बोल्यांनी १९२३ ला मुंबई विधिमंडळात ठराव आणला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, सुरबानाना टिपणीसांचा त्यात पुढाकार. पण ठराव वहीत राहिला, तळ्यावर जाऊ कुणी देईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा तो अंमलात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला! मग कोर्टकचेरी, हायकोर्टाचा निकाल १९३७ ला. वर ओव्हरसियर काकांनी लिहिलंय की ठरावाचा क्रमांक धरून ठेवा. आमच्या आजोबांच्या पिढीने तेच केलं, जिवावर उदार होऊन.

पोष्टमनचा नातू
ठराव मागे घेतला हे माहीत नव्हतं. शाळेत एवढंच शिकवलं की सत्याग्रह झाला.

शनिवारवाला
जोतीराव फुले १८७६ ते १८८३ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हेही शाळेत ओझरतंच येतं. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा म्हणाले. १८८० साली, व्हाइसरॉयच्या स्वागताला! मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो, हा प्रसंग सांगितला की वर्ग ताठ बसतो.

सॅन होजेची शुभा
इथे कॅलिफोर्नियात सिटी कौन्सिलची नेहमीची सभा असली की विषयपत्रिका ७२ तास आधी लावावीच लागते, कायदा आहे तसा. आणि नागरिकाला बोलता येतं, दोन-तीन मिनिटं मिळतात, घड्याळ समोर. मी वाचनालयाच्या वेळा कमी करू नका म्हणून बोलले. साडी नेसून गेले होते मुद्दाम. माझ्यामागे एक आजोबा झाडाच्या फांदीबद्दल बोलले, तेही तितक्याच शांतपणे ऐकून घेतलं. आपल्याकडे बोलता येतं का प्रेक्षकांना?

निवृत्त ओव्हरसियर
@शुभा नाही, आपल्याकडे प्रेक्षकाने ऐकायचं. बोलायचं असेल ते सदस्यामार्फत किंवा अर्जाने. पण एक चांगली सोय आहे, फार थोडे वापरतात. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कार्यालयात जाऊन फाइल बघता येते. पुणे महापालिकेने सुरू केलं, पुढे २०१८ ला शासनाने सगळीकडे लागू केलं. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून महिनाभर थांबण्याआधी हे करून बघा.

रंकाळावासी
हे खरं? आमच्या गल्लीतल्या गटारीचं बिल बघता येईल? दोनदा खणली, दोनदा बुजवली

निवृत्त ओव्हरसियर
बघता येईल. मोजमाप पुस्तक मागा. लांबी, रुंदी, खोली सगळं त्यात असतं. टेप घेऊन गल्लीत जा आणि ताडून बघा.

रंकाळावासी
सोमवारी जातोच. पोरगं ड्राफ्ट्समन हाय, त्यालाबी नेतो.

तिसवाडीकार
आमच्या गोंयात पालिका मंडळाची बैठक म्हणजे सोपो. बाजारात बसणाऱ्याकडून पालिका जे शुल्क घेते ते. सोपोचं कंत्राट कुणाला, दर काय, पावती देतात की नाही, ह्यावर किती चर्चा! माझी आजी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या आणि हळसांडे (चवळी) घेऊन बसायची. पावती ती चोळीत ठेवायची, पुन्हा मागायला आला की काढून दाखवायची. दिवस संपेपर्यंत घामाने त्या कागदाचा लगदा होई, तरी टाकत नसे.

सायलीची आई
माफ करा विषय वेगळा आहे पण इथे जाणकार दिसतायत. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नावच नाही, "मुलगी" एवढंच आहे. सहा वर्षांची आहे. पासपोर्ट काढायचाय. आता नाव लागेल का??

सुमनताई
लागतं बाळा, घाबरू नकोस. जन्माची नोंद झालेली आहे ना, मग नुसतं नाव चढवायचं. पहिल्या वर्षात फुकट, नंतर विलंब शुल्क भरून नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत. जिथे जन्म झाला त्याच पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जायचं. आई-बाबांची ओळखपत्रं आणि शाळेचा दाखला बरोबर ने.

सायलीची आई
जन्म माहेरी झाला, नागपूरला. आम्ही आता नाशकात. तिकडेच जावं लागेल?

सुमनताई
अर्ज तिकडेच. आधी फोन करून विचार काय काय कागद लागतील ते.

वाईकरीण
किती सुंदर लिहिताय सगळे. @गांधारपाले, १९२४ चा तो मूळ ठराव कुठे बघायला मिळतो का?

गांधारपाले
मी मूळ वही पाहिलेली नाही ताई. पुस्तकांतून वाचलंय. आमच्याकडे २० मार्चला या, तळ्यावर पुस्तकांचे स्टॉल लागतात, सगळं मिळतं. जेवायला घरी या.

शिंपल्याचा मुलगा
वाईकरीणताई, तुमच्या शिपाईमामांचं वाचून लिहितोय. माझे वडील दुसऱ्या एका गावच्या पालिकेत शिपाई होते. नोटीस वाटायला निघाले की खाकी टोपी पिशवीत ठेवायचे आणि सदस्याच्या दाराशी घालायचे. कुणी आत बोलवायचं, कुणी उंबऱ्याबाहेर उभं करून सही करायचं. आमच्या वडिलांना ते कळायचं, बोलायचे नाहीत. माझी बहीण आता मुख्याधिकारी आहे, स्पर्धा परीक्षा देऊन. तिच्या कार्यालयातून नोटीस घेऊन येणाऱ्याला आधी पाणी विचारायचं असं तिने सदस्यांना पहिल्याच बैठकीत सांगितलंय.

खानदेशकन्या
काय बोलू. ताईंना खूप आशीर्वाद.

सॅन होजेची शुभा
बहिणीला सांगा इथून एक नमस्कार.

शनिवारवाला
@शिंपल्याचा मुलगा माझ्या क्लासच्या मुलांशी ताई बोलतील का? ऑनलाइन चालेल. मुख्याधिकारी पदाची तयारी करणाऱ्या पाच-सहा मुली आहेत.

शिंपल्याचा मुलगा
विचारतो. रविवारीच मोकळी असते ती, आणि पाणीटंचाई सुरू झाली की तेही नाही.

सायलीची आई
नागपूरला फोन लागला! कागद सांगितले. भाऊ उद्या अर्ज नेऊन देतोय. सुमनताई, दोघांच्या सह्या लागतात म्हणाले, आम्ही इथून सही करून पाठवलं तर चालेल ना?

सुमनताई
चालायला हवं, पण भावाच्या नावे अधिकारपत्र दे सोबत. आणि नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तेच लिही, एक अक्षर इकडेतिकडे नको. शेवटी एल-आय आहे की एल-ई-ई ते आधारवर आत्ताच बघून घ्या.