ओएसपीएफ 'एक्स्टार्ट'वरच अडकते. दोष शोधायला कसे शिकावे?

करवीर_नेट (प्रश्न):
आमच्या मशीन शॉपचे कार्यालय शाहूपुरीत आणि कारखाना गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे. दोन्ही ठिकाणे लीज्ड लाइनने जोडलेली असून दोन्ही टोकांच्या राउटरवर मी ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) चालू केले आहे. पिंग (समोरून उत्तर येते का ते पाहणारे चाचणी पॅकेट) व्यवस्थित जातो, एरिया (ओएसपीएफमधील राउटरांचा गट) दोन्हीकडे शून्य आहे, हॅलो (शेजाऱ्याला आपली ओळख देणारे पॅकेट) १० सेकंद आणि डेड (हॅलो न आल्यास शेजारी गेला असे मानण्याची मुदत) ४० सेकंद हेही जुळते. तरी शेजाऱ्यांची (म्हणजे जोडलेल्या राउटरांची) यादी पाहिली की शाहूपुरीचा राउटर 'एक्स्टार्ट' दाखवतो, शिरगावचा 'एक्स्चेंज', आणि थोड्या वेळाने सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. परीक्षेसाठी कमांड पाठ केल्या आहेत, पण असे काही समोर आले की सुरुवात कोठून करावी ते सुचत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमनगर_राउटिंग:
आपण दोन्ही बाजूंच्या अवस्था लिहिल्यात, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. शेजारी डाउन, इनिट, टू-वे, एक्स्टार्ट, एक्स्चेंज, लोडिंग आणि फुल या क्रमाने पुढे जातात; 'फुल' म्हणजे दोघांची माहिती पूर्ण जुळली. ज्याअर्थी आपली गाडी टू-वेच्या पुढे गेली आहे, त्याअर्थी हॅलो पॅकेट दोन्हीकडून पोहोचत आहेत आणि एरिया, टायमर, ऑथेंटिकेशन जुळलेले आहे. तिकडे पुन्हा वेळ घालवू नये.

एक्स्टार्टपासून डेटाबेस डिस्क्रिप्शनची (आपल्याकडील माहितीची यादी सांगणारी) पॅकेट सुरू होतात आणि त्या प्रत्येकात पाठवणारा राउटर आपल्या इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) लिहितो. समोरून आलेला आकडा स्वतःच्या एमटीयूपेक्षा मोठा असेल, तर घेणारा राउटर ते पॅकेट नाकारतो. म्हणून माझा पहिला संशय शाहूपुरीच्या एमटीयूवर आहे. साधा पिंग लहान असतो, तो जातो म्हणून लाइन निर्दोष ठरत नाही. विंडोजवरून तपासायचे असल्यास फ्रॅगमेंटेशन (पॅकेटचे तुकडे करणे) बंद ठेवून १४७२ बाइटचा पिंग पाठवावा. त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (पिंग ज्यावर चालतो त्या प्रोटोकॉलचे) ८ बाइट मिळून १५०० होतात.

एमटीयूकडे दुर्लक्ष करायला सांगणारी कमांडही आहे. ती दिली की शेजारी 'फुल' दिसतील, पण मोठी पॅकेट पुढे कोठेतरी गळत राहतील आणि मग बिलिंगची फाइल अर्ध्यात का थांबते, हे शोधत बसावे लागेल. ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राजारामपुरी_लॅब:
वरील निदानाशी मी सहमत आहे. एक भर घालतो : ओएसपीएफ ना टीसीपीवर चालते ना यूडीपीवर, आयपीमध्ये त्याचा स्वतंत्र प्रोटोकॉल क्रमांक ८९ आहे. ब्रॉडकास्ट जाळ्यावर हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोहोचणाऱ्या) पत्त्यावर जातो, तर डेटाबेस डिस्क्रिप्शन थेट शेजाऱ्याच्या पत्त्यावर. एखाद्या ॲक्सेस लिस्टने (कोणती पॅकेट जाऊ द्यायची ते ठरवणाऱ्या यादीने) मल्टिकास्टला वाट दिली आणि थेट जाणारी ८९ क्रमांकाची पॅकेट अडवली, तरी शेजारी एक्स्टार्टवरच अडकतात. एमटीयू जुळला, तर ती यादी तपासावी.

शिकण्याविषयी सांगायचे, तर मी विद्यार्थ्यांना आधी निरोगी जाळे पाहायला लावतो. जीएनएस३ (संगणकावर जाळे उभारून पाहण्याचे सॉफ्टवेअर) मध्ये दोन राउटर जोडावेत, मधल्या दुव्यावर वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारे साधन) लावावे आणि शेजारी 'फुल' होईपर्यंतचे प्रत्येक पॅकेट उघडून वाचावे. मग एका वेळी एकच गोष्ट मुद्दाम बिघडवावी आणि देवाणघेवाण कोणत्या अवस्थेत थांबली ते वहीत लिहावे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर कशामुळे काय झाले याचा पत्ता लागत नाही. प्रत्यक्ष कामावरही हाच नियम पाळावा. घाईत चार कमांड देणारे इंजिनियर मी पुष्कळ पाहिले आहेत.

करवीर_नेट:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. शिरगावला १५०० आणि शाहूपुरीच्या इंटरफेसवर १४०० असा आयपी एमटीयू निघाला. पूर्वी तेथे टनेल (दुसऱ्या जाळ्यातून काढलेली आभासी जोडणी) होते, त्या वेळची ओळ तशीच राहिली होती. ती काढताच दोन्हीकडे 'फुल' आले आणि १४७२ चा पिंगही विनाअडथळा गेला.

उद्यमनगर_राउटिंग:
उत्तम. आता दोन्ही राउटरचे कॉन्फिगरेशन सेव्ह करावे, नाहीतर वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की १४०० परत येईल.