अशक्त पिल्लू हाती आलं तेव्हा : अनुभव लिहा

खुडूक कोंबडीखालून पिल्लं निघाली की त्यात एखादं असतंच. डोळे मिटून पडून राहतं, भावंडांच्या पायाखाली जातं, आई चोचीनं बाजूला सारते. "तसलं जगत नाही, काढून टाका," असं सर्रास सांगितलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. वेळेवर हात मिळालेली अशी पिल्लं धडधाकट वाढून पुढं अंड्यावर आलेली मी पाहिली आहेत. म्हणून हा धागा. गावठी, गिरिराज, वनराज, कडकनाथ, बाजारातलं रंगीत, पिल्लू कुठलंही असो. काय दिसलं, काय केलं, कशानं फरक पडला ते लिहा. जे वाचलं नाही त्याबद्दलही लिहा.

सुरुवात मीच करते. माझं म्हणणं एवढंच आहे : आधी ऊब, मग पाणी, मग खाणं, आणि औषध त्यानंतर. लहान पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. पिल्लाचे पाय बोटांत धरून पाहा. गार लागले तर ते आजारी आहे की नुसतं गारठलंय हे ऊब दिल्याशिवाय कळायचं नाही. गारठलेल्याच्या चोचीत भरडा कोंबू नका, ते पचवायची ताकद त्याच्यात नसते. भुकेची लगेच काळजीही नको. बाहेर यायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर ते दोन-तीन दिवस तगतं.

चिपळूण

उबेचं पटलं, पण बल्बचं नीट बघा. हल्ली घराघरात एलईडी आहेत, त्यांच्या उजेडानं पिल्लाला काही ऊब मिळत नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब शोधून आणावा लागतो. साठ वॅटचा बल्ब खोक्याच्या एका कोपऱ्यात टांगायचा, म्हणजे पिल्लाला नको झालं तर दुसरीकडं सरकता येतं. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, चोच उघडी टाकून कडेला पळाली तर तापलंय, आणि सगळीकडं पसरून निजली तर बरोबर आहे. यापेक्षा चांगला थर्मामीटर मला माहीत नाही.

पावसात आमच्याकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही. तेव्हा बाटलीत गरम पाणी भरून, जुन्या सुती कपड्यात गुंडाळून पिल्लाला टेकवून ठेवतो. घमेल्यात निखारे ठेवायची जुनी रीत आहे, पण बंद खोलीत ते करू नका. धुरापेक्षाही न दिसणारा वायू घातक असतो.

कोकणातल्या लोकांसाठी अजून एक. भाताचं तूस अंथरतो ना, ते पावसाळ्यात आतून बुरसतं. वरून कोरडं दिसतं, मूठभर उचललं की कुबट वास येतो. तसल्या तुसावर ठेवलेली आमची पिल्लं मान ताणून, तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. सर्दी वाटली होती. डॉक्टरांनी सांगितलं, बुरशी फुप्फुसात गेली आहे, यावर उपाय नाही. ती गेली. तेव्हापासून तूस उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय खोक्यात जात नाही.

अकोले, अहिल्यानगर

आमच्या बचत गटाला हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातून, एक दिवसाची पिल्लं येतात. शंभराचं खोकं, आत चार कप्पे. प्रवासानं दमलेली असतात. उतरवल्या उतरवल्या कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून ठेवतो आणि प्रत्येकाची चोच एकदा पाण्याला लावतो, नाकपुड्या वर ठेवून. एकदा चव कळली की आपली आपण पितात. गुळाचं पाणी पहिले काही तासच, नंतर साधं. जास्त दिलं तर हगवण लागते. पाण्याच्या ताटलीत खडे टाकायचे, नाहीतर अशक्त पिल्लू त्यात पडून भिजतं आणि मग काही खरं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपटीखाली बघायचं. तिथं विष्ठा वाळून डिखळा बसतो आणि वाट बंद होते. पिल्लू पिसं फुगवून उभं राहतं, खात नाही. बायका ते नखानं ओढून काढतात, त्याबरोबर कातडी सुटते. तसं करू नये. कोमट पाण्यात कापूस बुडवून तिथं धरायचा, मऊ होऊ द्यायचं, आपोआप निघतं. मग लगेच कोरडं करून बल्बखाली ठेवायचं आणि जागेला खोबरेल लावायचं. पोटावरच्या बेंबीला मात्र हात लावू नका. नवीन माणसाला तीच घाण वाटते.

सत्तरी, गोवा

अंड्याला भोक पडलं आणि पिल्लू बाहेर येत नाही, तेव्हा घाई करू नये. पहिली भेग पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागणं नेहमीचं आहे. तेवढ्यात रक्तवाहिन्या सुकतात आणि बलक पोटात जातो. मधेच सोललं तर रक्त येतं. आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटलाय असं दिसलं तरच कोमट पाण्याचा थेंब लावून तो ओला ठेवावा.

सांगली, पशुवैद्यक आहे

वरच्या ताईंनी लिहिलेलं अगदी योग्य. मी तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांबद्दल लिहितो, कारण दवाखान्यात तीच जास्त येतात. पंख पाडून बसलेलं, तुरा फिकट, विष्ठेत रक्त. ही रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. ओल्या अंथरुणात तिचे जंतू पोसतात. पाण्यातून ॲम्प्रोलियम देतात, त्यानं बहुतेक पिल्लं सावरतात, पण अंथरूण त्याच दिवशी बदललं नाही तर आजार फिरून येतो. अशक्त दिसतंय म्हणून लोक जोडीनं बी जीवनसत्त्वाचं टॉनिक पाजतात. ॲम्प्रोलियम दिसायला बी-१ सारखंच असतं. जंतू त्याला बी-१ समजून घेतो आणि उपाशी मरतो. तुम्ही वरून खरं बी-१ दिलंत तर औषध निकामी होतं. टॉनिक औषधाचा कोर्स संपल्यावर द्या.

पायाची बोटं आत मुडपून पिल्लू घोट्यावर बसत असेल तर बी-२ कमी असू शकतं, ते लवकर सुरू केल्यास फरक पडतो. मान उलटी वळली असेल तर लोक लगेच मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, म्हणतात. राणीखेत असू शकतो, पण बी-१ किंवा ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही असं होतं. एकट्याच पिल्लाला झालं आणि बाकी खेळती आहेत तर जीवनसत्त्व देऊन बघा. राणीखेतवर मात्र औषध नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही लस, डोळ्यात एक थेंब. लस बर्फातूनच न्या. आणि आजारी पिल्लाला लस देऊ नका, आधी बरं होऊ द्या.

एकाएकी बरीच मेली तर उघड्यावर टाकू नका, कुत्र्यांना घालू नका, दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा त्या भागातल्या पोल्ट्रीवाल्यांचं काय झालं ते अजून विसरलेलं नाही.

पुणे

लेकीनं जत्रेतून गुलाबी रंगवलेलं पिल्लू आणलं. ही बहुधा अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं असतात, हॅचरीला नकोशी. ते रात्रभर कर्कश ओरडत होतं. ऊब होती, पाणी होतं, तरी थांबेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला सोबत हवीय." हात आत ठेवला की गप्प. दुसरं पिल्लू आणल्यावर ते खायलाही लागलं. तोवर खाणं शिकवावं लागलं होतं. कोंबडी जशी चोच आपटून दाखवते तसं बोटानं कागदावर टक-टक करत बारीक भरडा दाखवायचा. थेंब पाजताना चोचीच्या कडेला लावायचा, आत पिचकारी मारली तर पाणी श्वासनळीत जातं. हे मला इथल्याच एका काकूंनी सांगितलं, त्यांचे आभार.

शहादा, नंदुरबार

आमच्याकडं खोकं-बल्ब काही नाही. बरं झालेलं पिल्लू परत आईला द्यायचं तर दिवसा देऊ नका, ती टोचून मारते. अंधार पडला, कोंबडी डालग्यात निजली की हळूच तिच्या पंखाखाली सरकवायचं. सकाळी ती त्याला आपलंच धरते. मात्र पहाटे जवळ थांबून बघायचं, टोचलं तर लगेच काढून घ्यायचं. हगवण लागलेलं पिल्लू तर अजिबात ठेवायचं नाही, सगळ्यांना लागते.

भंडारा

फरशीवर वर्तमानपत्र टाकून ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन्हीकडं फाकले. वर्तमानपत्र गुळगुळीत असतं, पाय रोवला जात नाही. खाली गोणपाट टाकलं. चिकटपट्टीची बारीक पट्टी इंग्रजी आठाच्या आकारात दोन्ही पायांना, नेहमी उभं राहतं तेवढं अंतर ठेवून बांधली. सुरुवातीला पडायचं. हातानं धरून उभं करायचं, चोच पाण्यापाशी न्यायची, परत निजवायचं. आता ते तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, झालंय आणि उकिरड्यावर सगळ्यात पुढं असतं.

चिपळूण

भंडाऱ्याच्या दादांना विचारायचं होतं, पट्टी काढायची कधी? आमच्या एका पिल्लाचे पाय कालपासून असेच झालेत.

भंडारा

कालपासून असेल तर आजच बांधा, हाडं कोवळी असतात तोवरच सरळ होतात. रोज सोडून बघायचं. पट्टीखाली सूज किंवा काळपटपणा दिसला तर सैल करायची. सोडल्यावर दोन्ही पाय पोटाखाली ठेवून उभं राहिलं, चाललं, तर परत बांधायची नाही. नडगीच्या वरचा मोठा सांधा सुजलेला असेल किंवा पाय मागच्या बाजूला वळला असेल तर शीर सटकलेली असू शकते, मग बांधण्यात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. फोटो टाका, बघून सांगतो.