मदत हवी आहे : पॅकर्सच्या स्पेशल टीम्सच्या चुका प्रशिक्षकाच्या की निवडीच्या, हे ओळखायचे कसे?

नमस्कार. गेली काही वर्षे मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि इथल्या लोकांच्या नादाने अमेरिकन फुटबॉलमधील ग्रीन बे पॅकर्स या संघाचे सामने नियमित पाहू लागलो आहे. रविवारी एकत्र सामना पाहणारे आम्ही पाच-सहा जण आहोत, आणि स्पेशल टीम्सवरून, म्हणजे चेंडू पायाने मारण्याच्या प्रसंगी मैदानात उतरणाऱ्या तुकड्यांवरून, आमच्यात एक वाद वर्षानुवर्षे मिटलेला नाही. या खेळात मुरलेल्या सभासदांनी मदत करावी, म्हणून हा धागा काढत आहे.

वादाचे मूळ 22 जानेवारी 2022 च्या रात्रीत आहे. पॅकर्स 13-4 अशा कामगिरीनंतर पहिल्या मानांकनावर होते, बाद फेरीचा सामना घरच्या लँबो फील्डवर होता, आणि बचावफळीने सॅन फ्रान्सिस्कोच्या आक्रमणाला एकही टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे गुण) करू दिला नाही. तरीही संघ 13-10 असा हरला. मध्यंतराच्या तोंडावर पॅकर्सची 39 यार्डांची फील्ड गोलची किक (चेंडू खांबांमधून मारून तीन गुण मिळवण्याचा प्रयत्न) अडवली गेली. दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच किकऑफवर (खेळ सुरू करणाऱ्या किकवर) सॅन फ्रान्सिस्कोच्या डीबो सॅम्युअलने चेंडू 45 यार्ड परत आणला. सामना संपायला पाच मिनिटेही उरली नसताना पॅकर्सचा पंट (चेंडू दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देण्याची किक) अडवला गेला आणि त्यातूनच टचडाउन झाला. शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉबी गूल्डने 45 यार्डांवरून विजयी फील्ड गोल मारला, तेव्हा तो अडवायला मैदानात पॅकर्सचे 11 ऐवजी 10 च खेळाडू उभे होते.

त्यानंतर स्पेशल टीम्सचे प्रशिक्षक मॉरिस ड्रेटन यांना काढण्यात आले. माझ्या शेजाऱ्याचे म्हणणे असे की हे योग्यच झाले, कारण माणसे मोजणे एवढे तरी प्रशिक्षकाला जमले पाहिजे. मला मात्र वाटते की ड्रेटन यांच्या हाती जे दिले गेले, त्यात कोणालाही यश येणे कठीण होते. पंटर कोरी बोहोर्केझ हंगाम तोंडावर आला असताना अदलाबदलीतून आला. फील्ड गोलसाठी चेंडू धरून ठेवण्याचे कामही त्याच्याकडेच आले. त्यात मध्येच लाँग स्नॅपर (किकसाठी चेंडू मागे फेकणारा, म्हणजे स्नॅप करणारा) बदलला. किक मारणाऱ्या मेसन क्रॉस्बीने त्या हंगामात 34 पैकी 25 फील्ड गोल साधले, म्हणजे नऊ हुकले, आणि सगळे खापर त्याच्या वयावर फुटले. स्नॅपपासून किकपर्यंतचा सारा व्यवहार साधारण 1.3 सेकंदांत आटोपतो. त्यात तिघांपैकी दोघे नवे असतील, तर तिसऱ्याचा पाय कितीही सरावलेला असला तरी तो काय करणार? पुढच्याच हंगामात त्याच क्रॉस्बीने 29 पैकी 25 साधले.

माझी विचारणा अशी आहे. समोर एखादी चूक घडते, तेव्हा ती शिकवण्यातली आहे की माणसे निवडण्यातली, हे सामना पाहता पाहता ओळखण्याची काही रीत आहे का? 'दोघांचाही दोष आहे' हे उत्तर आमच्याकडे आधीच आहे आणि त्याने वाद मिटत नाही.

चौथा_डाउन यांचे उत्तर

आपल्या शेजाऱ्यांचा 10 खेळाडूंचा मुद्दा निर्विवाद आहे. ती चूक निवडीवर ढकलता येणार नाही. बाकीच्या चुकांसाठी मी एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे किकऑफच्या वेळी धावत जाणारी माणसे एरवी कुठे खेळतात. संघात 53 जण असतात आणि त्यांतील जास्तीत जास्त 48 सामन्याच्या दिवशी उपलब्ध ठेवता येतात. शेवटच्या दहा-बारा जागांवर व्यवस्थापक ज्यांना ठेवतो, तेच बहुतांशी या तुकड्यांत दिसतात. त्या जागा 'पुढेमागे चांगला रिसीव्हर होईल' अशा आशेवर भरल्या, तर टॅकल करू शकणारी (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणारी) माणसे प्रशिक्षकाने आणायची कोठून? आपल्याला क्रिकेटची सवय असेल, तर एकनाथ सोलकर आठवा. 27 कसोटींत 53 झेल घेणारा माणूस संघात असणे ही आधी निवड होती. त्याला फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे करणे ही नंतरची गोष्ट.

ड्रेटन यांच्या जागी रिच बिसाचा 2022 मध्ये रेडर्स संघाकडून आले, त्याच वर्षी त्यांच्या जुन्या संघातले कीशॉन निक्सन आणि डॅलिन लेव्हिटही आले. नवोदितांच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेल्या आणि किक परत आणणाऱ्या अमारी रॉजर्सच्या हातून चेंडू वारंवार निसटत होता, तरी नोव्हेंबरपर्यंत त्याला मुभा मिळाली. त्याला सोडल्यावर निक्सन पुढे आला आणि त्या वर्षी किकऑफ परत आणण्यासाठी ऑल-प्रो (वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) ठरला. प्रशिक्षक तेच आणि सरावही तोच असताना केवळ माणूस बदलल्याने निकाल बदलला. तुम्हाला हवी असलेली कसोटी हीच, असे मला वाटते.

हिवाळी_पंढरी यांचे उत्तर

वरच्या उत्तराशी मी निम्मा सहमत आहे. प्रशिक्षकाच्या शब्दाला निवडीत वजन आले की जबाबदारीही त्याच्याकडे सरकते, हे मात्र तिथे राहून गेले. 2023 मध्ये क्रॉस्बीला पुन्हा करारबद्ध केले नाही आणि सहाव्या फेरीत अँडर्स कार्लसनला घेतले. त्याचा थोरला भाऊ डॅनियल रेडर्समध्ये बिसाचा यांच्याच हाताखाली नावारूपाला आला होता. हाच डॅनियल 2018 मध्ये व्हायकिंग्जकडून खेळताना लँबोवर तीन फील्ड गोल चुकला, सामना 29-29 असा बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशी त्याला नारळ मिळाला. म्हणून धाकट्याच्या बाबतीत धीर धरायचा, असा विचार झाला असावा. अँडर्स नियमित हंगामात सहा फील्ड गोल आणि टचडाउननंतरच्या पाच किक चुकला, तरी धीर सुटला नाही. मग जानेवारी 2024 मध्ये पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, संघ 21-17 असा पुढे असताना, तो 41 यार्डांवरून चुकला आणि सामना 24-21 असा गेला. ही निवडीची चूक म्हणायची की शिकवण्याची? मी तरी प्रशिक्षकाला यातून मोकळे करणार नाही.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. निक्सनचे उदाहरण मी शेजाऱ्यासमोर ठेवले. त्याने लगेच क्रॉस्बीचे 2012 चे वर्ष काढले: 33 पैकी अवघे 21. शिवाय ऑक्टोबर 2018 मध्ये डेट्रॉइटला एकाच सामन्यात चार फील्ड गोल आणि टचडाउननंतरची एक किक हुकली, म्हणजे 13 गुण गेले, आणि सामना आठ गुणांनी हरला. तेव्हा धीर धरला तो फळला, मग कार्लसनच्या वेळी धरला तो चुकीचा कसा, असे त्याचे म्हणणे. माझ्या मते क्रॉस्बीजवळ 2012 पूर्वीची पाच हंगामांची नोंद होती, कार्लसनजवळ काहीच नव्हते आणि सराव शिबिरात त्याच्याशी स्पर्धा करायला तोलामोलाचा कोणी ठेवलेला नव्हता. 2024 मध्ये कार्लसनला सोडून ब्रेडन नार्व्हसनला घेतले, तेही जमले नाही. ऑक्टोबरमध्ये ब्रँडन मॅक्मॅनस आला आणि 20 तारखेला त्याने ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या क्षणी 45 यार्डांवरून सामना जिंकून दिला. अनुभवी माणूस मिळतच नव्हता असे नव्हे, तो शोधायला दीड हंगाम लागला.

चौथा_डाउन यांना आणखी एक विचारायचे आहे. 2022 च्या त्या अडवलेल्या पंटमध्ये धडक थेट मधून, नव्या लाँग स्नॅपरवरूनच आली होती. अशा वेळी त्याच्या मागे उभ्या असलेल्या रक्षकाने आत सरकायचे असते की बाहेरची बाजू धरून ठेवायची असते? येत्या रविवारी शेजारी ती चित्रफीत पुन्हा लावणार आहे.